बचावाच्या चड्डीचं माप

समुद्रात बुडणाऱ्या माणसाला वाचवायचं, तर तो किमान ऐंशी किलोंचा असला पाहिजे, असं सरकारच्या कागदावर छापलं होतं. आमच्या दोर सोसायटीचा सेक्रेटरी भीमराज यानं तो कागद मला तीनदा वाचून दाखवला, कारण मी चेअरमन होतो आणि मला तेव्हा फक्त अंगठा उठवता येत होता. तिसऱ्यांदा ऐकल्यावर मी विचारलं, "मग हलक्या माणसानं काय करायचं?"

"बुडायचं," भीमराज म्हणाला.

ही अडुसष्ट सालची गोष्ट. आमचं गाव संतपूरपासून तीन कोसांवर. तिथून समुद्र किती लांब आहे हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण कुणाचं त्याच्यावाचून अडलं नव्हतं. पण म्हैसूर राज्य एकच होतं. त्याच्या एका टोकाला आम्ही आणि दुसऱ्या टोकाला समुद्र. किनाऱ्यावरच्या गावांत बचावाच्या पेट्या ठेवायच्या असं सरकारनं ठरवलं आणि सामान पुरवणाऱ्यांकडून नमुने मागवले.

पेटीचं काम असं. जहाज खडकावर आपटलं की लाटांमुळं तिथवर नाव नेता येत नाही. मग काठावरूनच एक बाण सोडायचा, दिवाळीतल्यासारखाच, पण मनगटाएवढा जाड. त्याच्या शेपटीला बारीक दोरी. ती जहाजावर पडली की जहाजावरच्यांनी ओढून घ्यायची. तिच्यामागून जाड दोर जातो, तो उंच जागी बांधायचा. त्या दोरावर कप्पी, कप्पीला लटकवलेलं एक कडं, आणि कड्याच्या आत शिवलेली कॅनव्हासची चड्डी. बुडणाऱ्यानं चड्डीत पाय घालून बसायचं आणि काठावरच्यांनी त्याला ओढून घ्यायचं. बाण सरकारचा. दोर, कडं आणि चड्डी पुरवणाऱ्याची.

दोर वळणं हे आमच्या वस्तीचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. अंबाडी तळ्यात कुजवायची, सोलायची, वळायची. दर माघात बालाजीच्या रथाचा दोर आम्हीच वळायचो, फुकटच म्हणा, देवळाच्या मूठभर ज्वारीवर. वळून होईपर्यंत तो आमच्या मांडीवर असायचा. वळून झाला की देवाचा व्हायचा आणि आम्ही त्याला हात लावायचा नाही. आम्ही धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी सांगून टाकलं, यापुढं देवाचा दोर देवानं वळावा. मग सोसायटी काढली. बोर्ड लावला. पण बोर्ड लावल्यानं कुणी दोर विकत घेत नाही. बावीस घरं होती आमची. त्यातली दोन घरं उघड बोलायला लागली होती की, रथाचा दोर वळला तर निदान देवळाची ज्वारी तरी मिळत होती.

देवळाचा कारभार नरहरराव मास्तरांकडं. शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले. रथावर देवापाशी बसण्याचा मान त्यांच्या घराण्याचा. ते मला रस्त्यात गाठून म्हणाले, "काय रे बळ्या, समुद्राला दोर पुरवतोस म्हणं?"

"बळीराम म्हना, मास्तर."

"बरं, बळीरामपंत. समुद्र बघितलास का कधी?"

"तुमी देव बगितलाव का? तरी बसतावच की त्याच्या बाजूला."

ते हसले. वाईट माणूस नव्हता, फक्त सवय वाईट होती. जाता जाता म्हणाले, "तुझा नमुना नापास झाला की निमूट दोर घेऊन ये देवळात. यंदा बाजारातून आणलाय. पुढच्या माघात तुमचाच लागणार आहे."

म्हणजे सगळं त्या नमुन्यावर आलं. तो पास झाला तर बावीस घरांना काम. नापास झाला तर माघात बावीस घरं देवळाच्या दारात.

दोराची मला काळजी नव्हती. कडं मी पांगाऱ्याच्या लाकडाचं केलं. पोरं पोहायला शिकताना तेच पाठीला बांधतात, इतकं ते हलकं. चड्डी माझ्या बायकोनं, भागाबाईनं शिवली. कागदावर चित्र होतं, माप नव्हतं. तिनं वस्तीतला सगळ्यात जाड माणूस बोलावून माप घेतलं. सगळ्यात जाड म्हणजे भीमराज.

नमुना तपासायला साहेब आले ते नेमके रथाच्या दिवशी. हणमंतप्पा त्यांचं नाव. वीस वर्षं समुद्राच्या काठावर नोकरी केलेला काळा, किडमिडीत माणूस. मराठी बोलायचे, पण कानडीतून वळसा घालून. जीपमध्ये दोन बाण, एक वजनाचा काटा आणि एक फॉर्म. आमची वस्ती तळ्याच्या काठाला, खालच्या अंगाला. तिथं दोन चिंचांच्या मध्ये आम्ही दोर ताणून ठेवला होता. मी कड्यात बसलो, पोरांनी ओढलं, मी या चिंचेपासून त्या चिंचेपर्यंत गेलो. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"तुमचा वजन किती?" साहेबांनी विचारलं.

मला काट्याला लटकवलं. सत्तेचाळीस.

"हे माणूस नाही, हे काठी आहे. ऐंशीवाला आणा."

वस्तीतली सगळी माणसं एकेक करून काट्याला लागली. दोन वर्षं पाऊस धड नव्हता. कुणाच्या अंगावर काय असणार? भीमराज सगळ्यात वर निघाला, चोपन्न.

"साहेब, दोघं बसतो की एकदम," भीमराज म्हणाला. "एकशे एक भरतंय."

"रूल मध्ये एक माणूस आहे."

"मग ज्वारीचं पोतं ठिवू?"

"पोता बुडताना वरडतो का? मदत मागतो का? नाही चालतो."

भागाबाई मागून म्हणाली, "अवं साहेब, ऐंशी किलोचा मानूस ह्या गावात एकच हाय. आनि तो आज देवाच्या शेजारी बसलाय."

साहेबांना ते कळलं नाही. त्यांनी चहा प्यायला, चष्मा लावला, पेनाचं टोपण काढलं आणि फॉर्मवर 'नापास' लिहायला घेतलं. त्यांनी पहिलं अक्षर काढलं असेल नसेल, तेवढ्यात वरच्या अंगाला वाजंत्री एकदम बंद पडली.

देवळापासून तळ्यापर्यंत उतार आहे. रथ उतारावर आणताना पुढून ओढायचा नसतो, मागून धरायचा असतो. आमचा दोर होता तेव्हा चाळीस माणसं मागं लोंबकळली तरी तो करकरायचाही नाही. बाजारातला काथ्याचा दोर मध्येच तुटला. चाळीस माणसं पाठीवर पडली आणि रथ एकटाच निघाला. लोक बाजूला झाले. पुढं बसलेल्या दोघा पुजाऱ्यांनी उड्या मारल्या. मास्तरांनी उडी मारली नाही. ते उडी मारण्यासारखे नव्हतेच. रथ वस्तीच्या अंगानं तळ्यात शिरला, गाळात गेला, चाकं दिसेनाशी झाली, आणि एका बाजूला कलून थांबला. वर मास्तर, खांबाला मिठी मारून.

तेव्हा तळं निम्मं आटलेलं होतं. काठापासून रथापर्यंत पाणी गुडघाभर आणि त्याखाली गाळ किती ते तळ्यालाच ठाऊक. दोघं आत शिरले ते कमरेपर्यंत रुतले. त्यांना धोतराला धरून बाहेर काढावं लागलं. एकाचं धोतर नुसतंच आलं. तेवढ्यात रथ पुन्हा एक वीत कलला आणि मास्तर ओरडले, "अरे, कुणी तरी या रे!"

मी साहेबांकडं बघितलं. साहेब उठून उभे राहिले होते. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हद्दीत एकही जहाज फुटलं नव्हतं, हे त्यांनी आम्हाला चहा पिताना सांगितलं होतं. त्यांचे डोळे भरून आले होते म्हटलं तरी चालेल.

"बळीराम," ते म्हणाले, "बाण काढा."

पहिला बाण रथाच्या बाजूनं गेला आणि पलीकडच्या काठावर वाजंत्रीवाल्यांत पडला. सनईवाला सनई टाकून जो पळाला, तो थेट त्याच्या गावीच पोचला. दुसरा बाण बरोबर कळसावरून गेला आणि बारीक दोरी मास्तरांच्या मांडीवर येऊन पडली.

"वढा, मास्तर!" मी ओरडलो. "जाड दोर येईपतुर वढा! आनि वर बांदा!"

"वर कुठं? वर देवाचा खांब आहे!"

"मग त्यालाच बांदा!"

"तुमचा दोर देवाच्या खांबाला?"

माझं तोंड उघडायच्या आत भागाबाई पुढं झाली. "मास्तर, तीस वर्सं आमच्याच दोरानं रथ वढलाव. तवा देवाला कळलं न्हाई का? बांदा गपगुमान. न्हाई तर तिथंच बसा, पुढच्या माघाला आमी दोर घिऊन येताव!"

काठावर गाव जमलं होतं. सगळं गाव हसलं. मास्तरांनी बांधला. मास्तर होते ते, गाठ मात्र चांगली मारली. दुसरं टोक आम्ही वस्तीतल्या चिंचेला उंच बांधलं आणि ओढायची दोरी लावून कडं सरकवलं. ते रथापाशी पोचल्यावर मास्तर बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिले.

"ही चड्डी आहे!"

"चड्डीच हाय. पाय घाला."

"धोतरावरून?"

"सोडून घालताव तर घाला, आमचं काय न्हाई," भीमराज म्हणाला.

मास्तरांनी देवाची पितळी उत्सवमूर्ती काखेत घेतली, धोतरासकट एक पाय घातला, मग दुसरा, आणि रथाचा कठडा सोडला. कडं खाली दबलं, दोर ताणला, चिंच करकरली, पण दोरानं हूं की चूं केलं नाही. आम्ही बारा जणांनी ओढायला सुरुवात केली. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ गोष्टी ओढल्या आहेत, पण हेडमास्तर आणि देव एकदम कधी ओढले नव्हते. गाळावरून, पाण्यावरून, तळ्यातल्या म्हशींवरून ते दोघं तरंगत येत होते. म्हशींनी माना वर करून बघितलं. मध्येच मास्तरांनी डोळे मिटले. देवाचे डोळे उघडेच होते. घडवतानाच तसे केलेले.

अशा रीतीनं बालाजी पहिल्यांदा आमच्या वस्तीत आला. त्याला कुणी आडवं आलं नाही. भीमराज तेवढं म्हणाला, "पावन्याला च्या ठिवा की गं."

मास्तर जमिनीला टेकले, पण बाहेर निघेनात. येताना वजनानं कड्यात बसले होते, आता वजन कामाचं नव्हतं. कडं पोटाखाली, चड्डी मांड्यांना, आणि दोन्ही घट्ट. चौघांनी वरून ओढलं, चौघांनी खालून. मास्तर मध्ये.

"कापा रे ते!" मास्तर ओरडले.

साहेब मध्ये पडले. "कापायचा नाही. सरकारी नमुना आहे. टेस्ट चालू आहे." आणि त्यांनी मास्तरांना कड्यासकट काट्याला लटकवलं. कड्याचं आणि देवाचं वजन वजा करून चौऱ्याऐंशी भरले. साहेबांनी फॉर्मवरचं ते एक अक्षर खोडलं आणि फॉर्म मास्तरांपुढं केला. "इथं सही करा. वाचलेल्या इसमाची."

"मी वाचलेला इसम नाही," मास्तर म्हणाले. हात मोकळे होते, तोंडही मोकळं होतं, फक्त कमरेखाली ते आमच्या ताब्यात होते. "मी बुडतच नव्हतो. थोड्या वेळानं माझा मीच उतरणार होतो."

"असं का?" साहेब शांतपणे म्हणाले. "बळीराम, ह्यांना परत वर पाठवा. मग ते आपला आपण उतरतो."

आम्ही दोराला हात घातला. मास्तरांनी सही केली. हेडमास्तरांची सही, वळणदार, खाली दोन रेघा.

तोवर त्यांच्या मंडळी, कुसुमताई, करडीच्या तेलाचा बुधला घेऊन वस्तीत आल्या. लग्नानंतर पहिल्यांदाच आमच्या वस्तीत आल्या असतील. नवऱ्याकडं बघून त्यांनी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं रडतायत. मी जवळ होतो, मला माहीत आहे. अर्धा बुधला लागला तेव्हा मास्तर निघाले.

जाताना साहेबांनी भीमराजला फॉर्म दाखवला. भीमराजनं वाचला आणि त्याचं तोंड उतरलं. दोर पास. काम पास. पण खाली लिहिलं होतं: कडं व चड्डी लहान आहे, चाचणीतल्या इसमाच्या अंगाला बसेल अशा मापानं नवीन करून पंधरा दिवसांत पाठवावी, नाही तर नमुना रद्द.

"त्यात काय?" मी म्हणालो. "मोठं करू."

"किती मोठं?" भागाबाई म्हणाली. "अंदाजानं केलं आनि मानूस खालून सुटून पडला तर? त्याच्यावानी मानसाचंच माप पायजे."

"मास्तरचा जुना सदरा आनू?"

"सदरा ढगळा. आनि खाली धोतर. त्यांच्या घरात शिवलेलं कायबी कमरंला न्हाई."

म्हणजे मास्तरांचंच माप घ्यायला पाहिजे होतं, आणि मास्तर आठ दिवस घराबाहेर पडले नव्हते. पडणार कसे? पोरं त्यांच्या दारावरून जाताना "ओढा! ओढा!" म्हणायची. मी गेलो, दार उघडलं नाही. भीमराज गेला, तसाच परत आला. अकराव्या दिवशी भागाबाई अंबाडीची एक दोरी घेऊन निघाली. मी मागोमाग.

कुसुमताईंनी दार उघडलं. मास्तर ओसरीवर बसले होते. भागाबाईनं सरळ सांगितलं, "मास्तर, माप द्या."

"एकदा गावासमोर चड्डीत बसलो, ते पुरलं नाही का तुम्हाला?" मास्तर भडकले. "आता माझ्या पोटाचं माप घेऊन समुद्रकाठी लावणार? नाही द्यायचं. तुमचा नमुना रद्द झाला तर होऊ दे. माघात दोर घेऊन या."

भागाबाई अंगणातच उभी होती. ती म्हणाली, "दोर कुठं वळायचा ते आमी बघू. पर एक सांगा, तिकडं काठावर तुमच्यावानी कुनी मास्तर कड्यात अडकला, लाट आली, तर त्याला तेल लावायला कुसुमताई जानार हायत का?"

आतून कुसुमताई म्हणाल्या, "मी नाही हो जाणार."

मास्तरांनी भागाबाईकडं हात पुढं केला. मग म्हणाले, "मीच घेतो माप. दोरी टाक इकडं."

भागाबाईनं दोरी टाकली. मास्तरांनी उभं राहून ती पोटाभोवती गुंडाळली, बोटानं खूण धरली आणि तिच्याकडं फेकली. भागाबाईनं दोरी हातावर मोजली, त्यांच्याकडं बघितलं आणि परत फेकली.

"पोट वढून धरलाव."

"मुळीच नाही."

"मास्तर, ह्या मापाचं कडं तर आमच्या भीमराजला बसंल. पोट सोडा."

त्यांनी पुन्हा गुंडाळली. पुन्हा पोट आत. तोंड लाल झालं होतं. तिसऱ्यांदा दोरी परत आली तेव्हा भागाबाईनं ती घेतली नाही. ती म्हणाली, "तुमी दोरी धरली की पोट आपसूक आत जातंय. मानसाचं तसंच असतंय. माज्या हाती द्या."

मास्तर बायकोकडं बघायला लागले. कुसुमताई दारातून हलल्या नाहीत. मग त्यांनी सदऱ्याचा घोळ वर धरला आणि पायरी उतरून अंगणात आले. भागाबाई त्यांच्याभोवती फिरली, दोरी पाठीमागून आणली, पुढं जुळवली.

"आता सोडा."

मास्तरांनी श्वास सोडला. इतका मोठा, की अकरा दिवसांचा साठलेला असावा. पोट आपल्या जागी आलं. भागाबाईनं दोरी पोटाला टेकवून गाठ मारली, दोन्ही हातांनी, दाबून.

"किती?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"अडीच हात, चार बोटं."

"कागदावर माझं नाव घालू नका."

"न्हाई घालत." आणि तिनं त्या गाठीपासून चार बोटं पुढं आणखी एक गाठ मारली.

"ही कशाला?"

"ही जेवल्यानंतरची," भागाबाई म्हणाली, आणि दोरी खांद्यावर टाकून माझ्या पुढं चालायला लागली.